सव्वा महिन्याचं पथ्य

धाडच्या आठवडी बाजारात जनकाबाईकडून भाजी घेतली की वर थोडी वैद्यकीही मिळायची. कोथिंबिरीची काडी मागून घ्यावी लागे, सल्ला मात्र न मागता येई. बाई गिऱ्हाइकाकडं एकदा नीट बघायची, त्याच्या घरात कुणाचं काय दुखत असेल ते ताडायची आणि त्या दुखण्यावर आपल्याकडं जास्त उरलेला माल सुचवायची. पिवळट चेहऱ्याची सून आली की पालक: "रक्त भरते, माय." पोटुशी आली की शेवग्याचा पाला. आणि कडेवर लेकरू दिसलं की गाजर.

"डोये चांगले राह्यतात लेकराचे. दिवे लागले का काही लेकरांले दिसत नाही ना, ठेचा लागतात, ते याच्यानं हटते. वाफव, वरून तेलाची धार सोड, अन् चार. आठ रोजात फरक नाही पडला तं जनकाबाईचं नाव बदल."

नाव बदलण्याची वेळ येत नसे. गाजरं संपत.

ही सगळी विद्या खरी सिंधूताई नर्सबाईंची. त्या महिन्याकाठी गावात येत, पारावर चित्रांचा कागद उलगडत आणि लेकरांना काय चारावं ते सांगत. नऊ-दहा बाया जमत. त्यातल्या चौघी चित्रातल्या बाईच्या लुगड्याचा काठ कोणता यावर बोलत, तिघी सावलीसाठी बसलेल्या असत, आणि एखादी सुई टोचणार नाहीत ना एवढंच विचारायला आलेली असे. कान देऊन ऐकायची ती एकटी जनकाबाई. कागदावरची एकूण एक भाजी आपल्या मळ्यात होते हे तिनं पहिल्याच दिवशी हेरलं होतं. चार भेटींत तिनं चौदा वाक्यं उचलली. चौदाही बाजारात नेली. घराच्या उंबऱ्याच्या आत त्यातलं एकही आलं नाही.

घरातला कायदा वेगळा होता, आणि तो कुठल्या नर्सबाईनं शिकवलेला नव्हता. तो जनकाबाई तीन लेकरं पुरून शिकली होती.

तिची चार बाळंतपणं. एका फाल्गुनात घरात गोवर आला आणि पहिली तिन्ही लेकरं एका रांगेत निजली. भुकेनं रडू लागली म्हणून नणंदेनं दया येऊन फोडणीची अंबाडीची भाजी चारली. आठ दिवसांत तिन्ही गेली. मग चौथा झाला. त्याला बारशाआधी उकिरड्यावर ठेवून उचलला आणि नाव ठेवलं कचरू, म्हणजे काळाला त्याची किळस यावी. दोन वर्षांचा असताना त्यालाही गोवर निघाला. जनकाबाईनं घरातली फोडणी बंद केली. सव्वा महिना तेलाचा थेंब नाही, हिरवं पान नाही, पिवळं फळ नाही. नुसती ज्वारीची पेज आणि कोरडी भाकर. कचरू जगला. तीन खाऊन गेली, एक न खाता राहिला. एवढी सरळ मोजणी कोण खोटी ठरवणार? ती तिघं आधीच दुष्काळानं किती वाळली होती, हे तिच्या मोजणीत कधी आलंच नाही.

म्हणून यंदा कचरूच्या मथीला, म्हणजे साडेतीन वर्षांच्या नातीला, गोवर निघाला तेव्हा जनकाबाईनं कुणाला काही विचारलं नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचला आणि कोनाड्यात सव्वा महिन्याचे अडतीस खडे मांडले. रोज सकाळी एक खडा उचलायचा. मथीला जवळ घेऊन तिनं समजावलं, "खडे सरेस्तवर काहीच मागाचं नाही, बाई. हिरवं खाल्लं का गोवराची बाई कोपते. तुह्या दोन आत्या अन् एक काका तसेच गेले." मथी शहाणी. तिनं मागितलं नाही.

सात दिवसांत अंगावरचं पुरळ मावळलं. पंधराव्या दिवशी संध्याकाळी मथी दारातल्या घागरीवर पडली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला भिंत चाचपत आली.

"आत्याबाई, इले दिसत नाही वो," गीता म्हणाली. गीता म्हणजे सून. एरवी सासूपुढं तिचा आवाज चुलीच्या पलीकडं जात नसे.

"अशक्तपणा हाये. भरून येईल."

विसाव्या दिवसापासून मथी दिवसाही डोळे मिटून बसू लागली. उजेड लागला की रडे. रडताना डोळ्यांतून पाणी येत नसे. जनकाबाईनं कडुलिंबाच्या पाण्यानं डोळे धुतले, ओल्या फडक्याची घडी ठेवली. गीतानं तीनदा दवाखान्याचं नाव काढलं.

"सव्वा महिना होऊ दे. मधात सुई टोचली तं बाई अंगातच राह्यते. अजून अकरा खडे हायेत."

गीतानं नवऱ्याकडं पाहिलं. कचरूनं आईकडं पाहिलं. तो स्वतःच त्या मोजणीचा पुरावा होता, पुरावा काय बोलणार? "माय मोजून राह्यली ना," म्हणून तो मळ्यात निघून गेला.

त्याच दिवशी बाजार होता. जनकाबाई गाजराची पाटी डोक्यावर घेऊन निघाली. शेवटची काढणी होती, माल खपवायलाच हवा होता.

दुपारी गर्दी भरात आली. एक मास्तरीणबाई गाजरं निवडत होत्या. त्यांच्यामागं पदर नाकापर्यंत ओढलेली एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. मास्तरीणबाई सरकल्या तशी ती पुढं झाली.

"मावशी, लेकराच्या डोयासाठी काय न्याव?"

जनकाबाईचे हात तागडीत होते. मान वर न करता तोंड चालू झालं. "गाजर ने, माय. पालक ने. दिवे लागले का दिसत नाही ना तुह्या लेकराले? याच्यानंच हटते. वाफव, तेलाची धार सोड, अन् चार. लवकर चार, नाही तं डोयात फूल पडते मंग."

"मंग आपल्या मथीले काऊन नाही चारलं, आत्याबाई?"

तागडीतली गाजरं खाली सांडली.

शेजारी मिरच्या विकणारा कडूबा हसला, कारण त्याला आधी ती थट्टाच वाटली. "घ्या! वैद्याच्या घरीच रोगी निघाला!" मग त्यानं लेकराकडं पाहिलं आणि तोंडातला पानाचा तोबरा गिळला.

जनकाबाईला पहिल्यांदा आला तो संताप. दोन कोस पायी लेकरू आणलं, भर उन्हात, भर बाजारात, चार बायांपुढं. "घरचं धुणं बाजारात आणतं व्हय? घरी काय तोंड शिवलं होतं तुहं?"

"घरी तीनदा बोलली. तुम्ही खडे मोजून राह्यल्या होत्या." गीताचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "शेजारची अंबूबाई मागल्या बाजारी तुमच्याकडून गाजर घेऊन आली. तिनं सांगतलं मले, तुही सासू असं असं म्हणते म्हणून. म्या चोरून मथीले देऊन पाह्यलं. ती दातच उघडत नाही. म्हणते, आजीनं नाही म्हणलं. तुमच्याबिगर ती खात नाही. म्हणून आणलं इथं. आता इथंच सांगा, खरं कोणतं? बाजारातलं का घरचं?"

मास्तरीणबाईंच्या पिशवीत नुकतीच घेतलेली गाजरं होती. त्या पिशवीकडं आणि जनकाबाईकडं आळीपाळीनं बघत राहिल्या.

जनकाबाईनं मथीला ओढून घेतलं, मांडीवर आडवं केलं आणि मातीच्या बोटांनी डाव्या डोळ्याची पापणी वर केली. पोर किंचाळली. काळ्या बुबुळावर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं काहीतरी पांढुरकं चिकटलं होतं. जनकाबाईनं ते आपल्या लुगड्याच्या पदरानं पुसलं. ते पुसलं गेलं नाही. उजवा डोळा उघडला. तो कोरडा होता, धूळ बसल्यासारखा, पण त्यात काळं अजून काळं होतं.

"कडूबा, पाटी पाह्य," एवढं म्हणून ती उठली. तागडी तशीच उलटी पडली होती.

बुलढाण्याच्या एस्टीत उभं राहायलाही जागा नव्हती, पण आजारी लेकरू दिसल्यावर जागा झाली आणि जागेबरोबर सल्लेही आले. एकानं आईच्या दुधाचे थेंब सोडायला सांगितले. दुसऱ्यानं शेळीच्या दुधाचे. एका म्हाताऱ्यानं डोळ्यात साखर फुंकायची म्हटली, त्याच्या बायकोनं त्याला वेड्यात काढून कांद्याचा रस सुचवला. पुढच्या बाकावरच्या माणसाकडं तर बाटलीत चांगला रानातला मध होता. तो बूच काढून, बोट बुडवून, मागं वळून तयारच झाला. "लावू द्या ना बाई. माह्या साळ्याच्या पोराचा डोया यानंच साफ झाला." बस धक्के खात होती, मधाचं बोट मथीच्या तोंडावर हेलकावत होतं, आणि जनकाबाईला क्षणभर वाटलं, लावू द्यावा. काहीतरी तर होईल. काहीच न करण्यापेक्षा बरं.

गीतानं लेकराचं तोंड छातीत दाबून घेतलं. "नका. लई झाले सांगणारे."

तो माणूस चिडला नाही. त्यानं बोट चाटलं आणि बूच लावलं. जनकाबाई मात्र त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या बोलण्यातली खात्री तिच्या ओळखीची होती. साळ्याचं पोरगं कोणतं, त्याला झालं काय होतं, यातलं त्याला काही माहीत नसणार, हे तिला पक्कं कळत होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी टॉर्च धरून डोळे पाहिले. तरुण होते, आवाज मऊ होता. त्यांनी विचारलं, "गोवर होऊन किती दिवस झाले?"

"सत्तावीस," जनकाबाई लगेच म्हणाली.

"आणि खायला काय दिलं?"

ते तिनं सांगितलं नाही. गीतानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "डाव्यात जखम होऊन बुबुळ फुटायला आलंय. तो डोळा राहील असं मी म्हणू शकत नाही. उजव्यासाठी प्रयत्न करू. आत्ताच्या आत्ता औषध पोटात गेलं पाहिजे. उद्या सकाळपर्यंत थांबायचं म्हणाल तर उजवाही जाईल."

परिचारिकेनं पिवळ्या औषधाचा चमचा आणला. जनकाबाईनं त्याचा वास घेतला.

"हे तेल हाये."

"तेलच आहे. डोळ्याला लागणारं सत्त्व तेलातूनच जातं."

मथीलाही वास आला. तिनं दात घट्ट मिटले. गीतानं चुचकारलं, परिचारिकेनं नाक धरलं, दोघींनी मिळून जबडा दाबला. अर्धं औषध हनुवटीवरून गळ्यात उतरलं. दुसरा चमचा भरला. मथी मिटल्या डोळ्यांनी मान इकडून तिकडं फिरवत होती आणि दातांतून बोलत होती, "खडे नाही सरले. आजी, खडे नाही सरले अजून."

खोलीतल्या सगळ्यांनी जनकाबाईकडं पाहिलं. डॉक्टरांना खडे कुठले ते माहीत नव्हतं, तरीही पाहिलं.

इतकी वर्षं झाली, तरी जनकाबाईला ती तीन लेकरं रोज दिसत. एकीच्या ओठाला अंबाडीचं हिरवं पान चिकटलेलं होतं, तसंच तिला पुरलं. आता तिनं बोलायचं आणि या नातीच्या तोंडात तेल घालायचं. आणि ती मेली तर? डॉक्टर मथीचे कुणी नव्हते. नर्सबाई नव्हत्या. जी बोलेल तिच्या हातानं होणार होतं. आणि न बोलली तर तेही तिच्याच हातानं.

ती खाली बसली. तोंड लेकराच्या कानाशी नेलं.

"सरले, बाई."

"किती राह्यले?"

"एकबी नाही. सकाळी शेवटला उचलला म्या. तू निजली होती."

"बाई कोपन?"

"कोपली तं माह्यावर कोपन." हे ती जरा मोठ्यानं म्हणाली, छताकडं बघून. "म्या सांगून राह्यली ना. आ कर."

मथीनं तोंड उघडलं.

त्या दिवशी एक मात्रा, दुसऱ्या दिवशी दुसरी. मधल्या वेळात जनकाबाईनं काही खाल्लं नाही. ती लेकराच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली, आणि दर घटकेला ते पोट हलतं की नाही ते पाहत राहिली. कचरू गावाहून डबा घेऊन आला. त्यात गाजराची भाजी होती, फोडणी दिलेली. कुणी सांगितलं, कुणी केली, हे तिनं विचारलं नाही. तिनं स्वतः कुस्करून घास केला. मथीनं खाल्ला. दुसरा मागितला.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी डोळ्यांवर बांधलेली पट्टी सोडली. डाव्या डोळ्यावर पांढरं फूल पडलं होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. उजव्यापुढं त्यांनी बोट हलवलं. मथीची मान बोटामागं फिरली. तिनं खिडकी पाहिली, पाण्याचा लोटा पाहिला, मग गीताकडं बघून रुसल्यासारखं तोंड केलं, कारण आईचे केस विंचरलेले नव्हते. गीता खाटेच्या दांडीला धरून रडू लागली.

जनकाबाई खाटेच्या या बाजूला उभी होती. तिनं हाक मारली, "मथे."

मथीनं ऐकलं. चेहरा किंचित उजळला, पण नजर समोरच्या भिंतीवरून फिरून परत आली. तिला आजी सापडेना. जनकाबाईनं हात पुढं केला, अगदी गालाजवळ. पापणीही हलली नाही.

गीतानं पदरानं नाक पुसलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जनकाबाईला सोसवेना.

"आत्याबाई, तिकून नका. तिकून तिले दिसत नाही. इकून या."

जनकाबाई खाटेला वळसा घालून पलीकडं गेली.