कोबीची राणी

यंदा मोरवार्डनला जायचंच नाही, असं खासदार टोम्मा ऑल्टमन्सने ठरवलं होतं. पण सगळ्या गावाने मिळून थंडीत पायी हिंडायचं आणि शेवटी कोबीचं जेवण जेवायचं, असा तिथला फेब्रुवारीतला कोबीचा फेरफटका चुकवण्याची छाती आजवर एकाही खासदाराला झाली नव्हती. त्यातून ही तर त्याच गावची लेक. नाही म्हणायला तोंड कुठलं?

खरी गोम अशी की गाव आता तिच्या मतदारसंघात राहिलंच नव्हतं. मतदारसंघाची वस्ती फार वाढली, तेव्हा एखादा तुकडा शेजारच्या मतदारसंघाला देणं कायद्याने भाग होतं. बर्लिनला पक्षाच्या बैठकीत नकाशा पसरला होता आणि जो तो आपलं वाचवत होता. "तुमच्याकडचं काय सोडता?" असं तिला विचारलं, तशी ती म्हणाली, "मोरवार्डन घ्या. तसंही तिथे मला कोण मत देतं?" जन्मगावाने सलग दोनदा तिला नाकारलं होतं, तो राग जिभेवर आला. सगळे हसले, तीही हसली. ते हसणं आठवलं की अजून तिचे कान तापत. गावात मात्र तिने सांगितलं होतं की निर्णय वरूनच आला.

फेरफटक्याला गाव जमलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेला इवलासा पेला आणि पुढे दारूच्या बाटल्यांनी भरलेली हातगाडी. ती ओढत होते फ्रेरिककाका, तिच्या वडिलांचे शेजारी. ऐंशी ओलांडली तरी गाडी दुसऱ्याच्या हाती देत नसत.

"या खासदारीणबाई! की आता परगावच्या पाहुण्या म्हणायचं तुम्हाला?"

"काका, लाजवू नका हो."

"लाजायला काय झालं तुला? गाडी ढकल."

कालव्याच्या कडेने चालता चालता काकांनी आपला नेहमीचा इतिहास लावला. "पहिला खासदार आला तो मोटारसायकलवर, लढाईनंतर. तुझ्या आजीने त्याचे ओले मोजे चुलीपाशी वाळवले. दुसरा दोन-दोन ताटं कोबी चापायचा, चारदा निवडून आला. तिसऱ्याने सॉसेज काट्याने बाजूला सारलं. पुढच्या निवडणुकीत पडला मेला!"

"आणि मी?"

"तू घरची. तुला काय त्यांच्यात मोजायचं?"

"मग मत का नाही दिलंत मला?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

काका थांबले. "अगं वेडे, मत वेगळं आणि माणूस वेगळं. तुझा बाप गावच्या निवडणुकीला उभा राहायचा, त्याला तरी मी कधी मत दिलं? पण त्याची गाय अडली तेव्हा गोठ्यात रात्रभर कोण बसलं होतं?"

टोम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खाली मान घालून गाडी ढकलत राहिली.

मेटाच्या खानावळीत ताटं वाढली गेली. कुरळ्या पानांचा शिजून गडद झालेला कोबी, सॉसेज, बटाटे. टोम्मा काट्याने कोबी नुसता इकडून तिकडे सारत होती. खानावळवाल्या मेटाने कमरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं टोम्मा, तिकडे आमच्यासाठी भांडलीस का?"

खरं सांगून टाकावं असं टोम्माला मनापासून वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले.

"भांडले तर! शेवटपर्यंत भांडले."

टाळ्या पडल्या. पण तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे आपापल्या ताटात बघत होते.

जेवणं आटोपल्यावर यंदाचा कोबीचा राजा निवडायची वेळ झाली. गेल्या वर्षीचा राजा नवा निवडतो, आणि नव्याने पुढच्या वर्षी स्वतः येऊन सगळ्या गावाला जेवू घालायचं, हा रिवाज. गेल्या वर्षीचे राजे फ्रेरिककाका. ते उठले, राजेपणाची खूण म्हणून रिबिनीत ओवलेलं डुकराच्या जबड्याचं हाड गळ्यातून काढलं आणि सरळ टोम्माच्या मागे येऊन उभे राहिले.

"काका, मला नको. मी त्या लायकीची नाही."

"ठाऊक आहे," गाठ मारता मारता काका तिच्या कानाशी म्हणाले. "शेजारचा खासदार येऊन गेला परवा. फार खुशीत होता. म्हणाला, तुमच्या टोम्मानेच तुम्हाला माझ्या पदरात टाकलं. सगळ्या गावाला माहीत आहे."

ती वळली. "मग मघाशी मला बोलू का दिलंत?"

"वाटलं, खरं बोलशील."

"आणि तरी हे माझ्या गळ्यात घालता?"

"मग काय करू? खासदार म्हणून तू आता इकडे फिरकणार नाहीस. राणीला मात्र यावंच लागतं."

पेले उंचावले गेले. राणीने खुर्चीवर उभं राहून वचन द्यायचं असतं. टोम्मा चढली. जबडा छातीवर लोंबत होता.

"पुढच्या वर्षी मी येईन," ती पुटपुटली.

"मोठ्याने गं!" मेटा ओरडली. "तुझं ऐकू येत नाही!"

आता ताटात कुणीच बघत नव्हतं. सगळे तिच्याकडेच बघत होते.