दोघांपुरतं पातेलं

आचाऱ्याने पातेलं उलटं केलं, बुडावर मधल्या बोटाने टिचकी मारली आणि कान जवळ नेऊन ऐकलं. आवाज पातळ आला. त्याने ते फळीवर परत ठेवलं आणि शेजारचं उचललं. दुकान उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती. शटर वर जाण्याआधीपासून तो बाहेर उभा होता, आणि आत आल्यावर तंबू, दोर, बूट, पाठीवरच्या पिशव्या यांच्याकडे ढुंकूनही न बघता थेट भांड्यांपाशी गेला होता. भांडी कुठे आहेत हे त्याला कधी विचारावं लागत नसे.

"काका, वाजवून काय बघताय?" दुकानदारीणबाईंनी विचारलं. पस्तिशीच्या असतील. उन्हाने नाकाची साल निघालेली होती, म्हणजे दुकानात जेवढ्या बसत त्याहून जास्त डोंगरात हिंडत असाव्यात.

"बूड."

"मग, कसं आहे?"

"आहे म्हणायचं."

त्या हसल्या. तो हसला नाही. एरवी हसला असता. एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्याची एकतीस वर्षं गेली होती, रोज दोन्ही वेळा चारशे माणसांचं जेवण रांधण्यात. तिथल्या पातेल्यात माणूस बसून आंघोळ करू शकला असता. इथल्या सगळ्यात मोठ्या भांड्यात त्याच्या मदतनिसांचा चहासुद्धा झाला नसता. पण आज त्याला थट्टा सुचत नव्हती. अकरा वाजता मुलगी इथेच येणार होती, आणि त्याच्या आत त्याला एक पातेलं शोधायचं होतं.

"मला ठरावीकच हवंय," तो म्हणाला. "आमच्या घरी होतं ना, अगदी तसंच."

"कुठल्या कंपनीचं?"

"ते नाही माहीत."

"बरं, केवढं होतं?"

त्याने दोन्ही हातांनी आकार दाखवला. मग हात थोडे जवळ आणले. मग पुन्हा लांब नेले.

"कडी होती की दांडा?"

"कडी. नाही, थांबा. दांडा असेल. दुमडणारा."

"असेल?"

"एका बाजूने चेपलेलं होतं, तेवढं पक्कं आठवतंय."

"चेपलेली आम्ही ठेवत नाही, काका. ती गिऱ्हाइकं आपली आपण करून घेतात."

ते पातेलं त्याच्या बायकोचं होतं. अठरा वर्षं दर वर्षी सहा दिवस ती आणि मुलगी पाठीवर सामान टाकून डोंगरात चालायला जात. सुरुवातीला मुलगी दहा वर्षांची होती आणि तिच्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली असायची. आचारी कधी गेला नाही. आचारी डोंगरात गेला म्हणून चारशे रोगी उपास करतील का, असं तो म्हणायचा, आणि पहिली काही वर्षं त्यावर घरात सगळे हसायचेही. पुढे त्याला विचारणंच बंद झालं. परत आल्यावर दोघींची उन्हाने रापलेली तोंडं तो बघायचा, सामान माळ्यावर चढवून द्यायचा आणि कामावर जायचा. त्या पिशवीत हात घालून बघावं असं अठरा वर्षांत त्याला वाटलं नव्हतं.

बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. तो लगेचच निवृत्त झाला आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी, घरात बसवेना म्हणून, त्याने माळा आवरायला काढला. इस्पितळात महिन्यातून एकदा भांडी बाद करायचा दिवस असे. एकेक भांडं उलटं करायचं, वाजवायचं, उजेडात धरायचं. बूड पातळ झालेलं, पोचा आलेलं बाजूच्या ढिगात टाकायचं. विचार करायचा नाही, नाहीतर ढीगच होत नाही. त्याने घरातही तेच केलं. हात आपोआप चालला. काळं पडलेलं, चेपलेलं ते पातेलं ढिगात गेलं आणि संध्याकाळी भंगारवाला सगळं घेऊन गेला. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी काहीतरी काम केल्यासारखं वाटून त्याला बरी झोप लागली, हे आठवलं की आता त्याला स्वतःची किळस येई.

आणि दहा दिवसांपूर्वी मुलीचा फोन आला होता. ती दुसऱ्या गावी नोकरीला. दर रविवारी फोन व्हायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का, थंडी आहे का, ठेवते. त्या रविवारी ठेवते म्हणायच्या आधी ती जरा थांबली. म्हणाली, "बाबा, यंदा तुम्ही चला माझ्याबरोबर. आईची भांडी आहेतच माळ्यावर. तुम्हाला फक्त बूट घेऊ." तो म्हणाला होता, "आहेत." का म्हणाला, देव जाणे. आई गेल्यापासून मुलीने त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. भांडी नाहीत म्हटलं तर ती रागावणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती नुसती "बरं" म्हणेल, एकटीच जाईल, आणि रविवारचे फोनही मग दोन रविवारांनी एकदा येतील. त्याला त्याची भीती वाटत होती.

दुकानदारीणबाईंनी चार-पाच पातेली काउंटरवर मांडली. "चालणाऱ्याला ग्रॅमचा विचार करावा लागतो," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी काही वाटत नाही, तिसऱ्या दिवशी चमचासुद्धा जड होतो. हे टायटॅनियमचं बघा. सगळ्यात हलकं."

त्याने ते तळहातावर घेतलं. हातात काही आहे असं वाटेना.

"हे खाली लागणार," तो म्हणाला.

"बघितलंत का वापरून?"

"नाही. पण एवढ्या पातळ पत्र्याला आच एका जागीच धरते. मध्ये करपतं, कडेला कच्चं राहतं. पाणी उकळायला ठीक आहे. तांदूळ नाही शिजायचे यात."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. "खरंय. बहुतेक जण हे घेऊन जातात आणि पुढच्या वर्षी तक्रार घेऊन येतात. तुम्ही काय करता?"

"स्वयंपाक. चारशे माणसांचा. आता निवृत्त."

"मग दोघांचा म्हणजे डाव्या हातचा मळ."

"नाही," तो म्हणाला. "तोच येत नाही."

हे खरं होतं. एकटा झाल्यावर तो घरी शिजवू लागला तेव्हा पातेलं काठोकाठ भरायचं. मूठ आवरायची नाही. एकदा केलेलं तीन-तीन दिवस खायचं आणि चौथ्या दिवशी टाकायचं, असं बरेच महिने चाललं. घरचा स्वयंपाक नेहमी बायकोच करायची. त्याचं दोन्ही वेळचं जेवण इस्पितळातच व्हायचं. रात्री घरी आला की तिचं ताट घासून पालथं घातलेलं असायचं.

तरी एका गोष्टीचं त्याला समाधान होतं. शेवटचे तीन आठवडे बायको त्याच्याच इस्पितळात, चौथ्या मजल्यावर होती. तिचं जेवण त्याच्या हातचं होतं. दुपारी ताटं वर जायची आणि तासाभराने खाली यायची, तेव्हा तो मदतनिसांना बाजूला सारून स्वतः ढिगापाशी उभा राहायचा. काही ताटं चाटून-पुसून रिकामी असायची, काही अर्धी, काहींना हातही लावलेला नसायचा. ताटावर नाव नसतं. त्यातलं तिचं कुठलं, हे त्याला एकदाही ओळखता आलं नाही.

शेवटी त्याने अ‍ॅल्युमिनियमचं एक पातेलं निवडलं. बूड जरा जाड, दांडे दुमडून अंगाला चिकटणारे, झाकणाला पाणी निथळायला भोकं. गॅसचा छोटा डबा आणि स्टोव्ह दोन्ही त्याच्या पोटात बसत होते. ते बसवून बघताना त्याला नाही म्हटलं तरी मजा वाटली.

"पण हे लहान आहे हं," बाई म्हणाल्या. "पाऊण लिटरच्या जरा वर. दोन माणसं चालून दमलेली असली तर कमी पडेल. तुमचं जुनं मोठं असेल."

"नसेल. बायकोचं खाणं फार कमी होतं. तिने मोठं घेतलंच नसतं."

पातेल्याचा आकार त्याला आठवत नव्हता, म्हणून त्याने तो असा बायकोवरून काढला होता. पटण्यासारखाच होता. बाईंनी मान डोलावली आणि त्या खोकं आणायला आत गेल्या.

"हे कशाला, बाबा?"

मुलगी पंधरा मिनिटं आधीच आली होती. खांद्यावर पिशवी, केस गच्च बांधलेले, आणि उभी राहण्याची पद्धत हुबेहूब आईची. आचाऱ्याच्या हातात पातेलं तसंच राहिलं. जुनं झालंय, नवं घेऊ, असं म्हणायचं त्याने आठ दिवस घोकलं होतं.

"ते मी भंगारात दिलं," तो म्हणाला.

"काय?"

"आईचं पातेलं. माळा आवरला तेव्हा. बूड गेलं होतं त्याचं, चेपलं होतं. मी बघितलं आणि बाद केलं. तुझं काय आहे त्यात, हे मनातच आलं नाही माझ्या."

मुलगी वळून बुटांच्या नाड्या टांगल्या होत्या तिथे गेली. एक नाडी काढली, तिची गाठ सोडली, पुन्हा बांधली, परत टांगली. दुकानदारीणबाई खोकं घेऊन आल्या आणि दोघांकडे बघून खोकं काउंटरवर ठेवून पुन्हा आत गेल्या. आचारी जागचा हलला नाही. आता ती "बरं" म्हणेल, याची तो वाट बघत राहिला.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज साधा होता.

"चेपलं होतं ते माझ्यामुळे. ओढा ओलांडताना मी पिशवीसकट त्याच्यावर बसले होते. आई इतकी हसली होती की तिला पलीकडे येताच येईना." तिने नाक पुसलं. "विचारायचं तरी, बाबा."

"हो."

"एक फोन करायचा."

"हो. चुकलं माझं." त्याने हातातलं पातेलं पुढे केलं. "तसंच शोधत होतो. मिळालं नाही. पण हे चांगलं आहे. बूड जाड आहे. तुझी आई ज्यात करायची त्यापेक्षा—"

"आई नाही करायची."

"म्हणजे?"

"आई तिथे स्वयंपाक नाही करायची. पहिल्या वर्षीच तिने सांगून टाकलं होतं, सहा दिवस मी भांड्याला हात लावणार नाही. मीच करायचे. दहा वर्षांची होते तेव्हा नुसतं सूप उकळायचे, ते पण गुठळ्या झालेलं. ती दगडावर पाय सोडून बसायची आणि मी वाढून दिलं की खायची. म्हणायची, आचाऱ्याची बायको आहे मी, पण आयतं जेवण मला इथेच मिळतं."

मुलगी हे सांगताना किंचित हसली होती. तिने ते टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं, हे आचाऱ्याला कळलं, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. त्याने पातेलं काउंटरवर ठेवलं. झाकण नीट बसलेलंच होतं, तरी ते पुन्हा बसवलं.

"तरी काय, चिमणीएवढं तर खायची," तो म्हणाला.

"घरी," मुलगी म्हणाली.

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आचाऱ्याने हाताची मूठ उघडली, मिटली. एकतीस वर्षं ती मूठ चारशे माणसांची भूक अचूक सांगायची. कुठल्या मजल्यावर किती उरतं, कुठल्या मजल्यावरून जास्तीचं मागायला येतात, हे तो झोपेत सांगू शकला असता.

"किती खायची?" त्याने विचारलं.

मुलीने इकडेतिकडे बघितलं आणि फळीवरचं मोठं पातेलं काढलं, दीड-पावणेदोन लिटरचं. "आमचं केवढं होतं, एवढंच." तिने आत बोट घालून अर्ध्याच्या वर एका जागी टेकवलं. "इथपर्यंत. ही तिची. कधी कधी माझ्यातलं पण घ्यायची."

आचारी वाकला. आपलं जाड, भाजून भाजून गुळगुळीत झालेलं बोट त्याने तिच्या बोटाशेजारी ठेवलं आणि तिने बोट काढल्यावरही तिथेच ठेवलं. खूण तर काहीच नव्हती. पण त्याला ती जागा सोडवेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही. मुलीने त्याच्या दंडाला हात लावला, मग काढून घेतला.

मग तो म्हणाला, "आणि तू?"

"मी काय?"

"तू किती खातेस?"

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. उत्तर द्यावं की नाही असं काहीसं तिच्या तोंडावर होतं. मग तिने बाही वर केली आणि पातेल्यात हात घातला.