दिलावरचा फुगा आणि रहिमाबीचं अंगुस्तान

आष्टीच्या बसस्टँडजवळ कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दिलावरला स्वतःची एक खोड पक्की माहीत होती: त्याची जीभ हातांच्या आधी धावायची. चहाच्या टपरीवर कुणीतरी फुग्याला बाहुली बांधून आभाळात सोडल्याचा व्हिडिओ दाखवला आणि दिलावर बोलून गेला, "ह्यात काय हाय बे? मी घरी बनवून सोडतो." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. आता माघार घ्यायची तर दुकानच दुसऱ्या तालुक्यात हलवावं लागलं असतं.

काळं प्लास्टिक उन्हात तापलं की आतली हवा हलकी होते आणि ते उडतं, एवढं त्याला समजलं होतं. म्हणून शेतात अंथरायचा पातळ काळा मल्चिंग पेपर आणला. निम्मे जोड त्याच्या बायकोनं, रहिमाबीनं, इस्त्रीनं चिकटवले. उरलेले दिलावरनं टेपनं, कारण इस्त्री हातात घेताच त्यानं दोन भोकं पाडली होती.

वर पाठवायचं काय? त्याच्या मनात स्वतःचा फोटो होता.

"तितं तुमाला कोन वळखतंय?" रहिमाबी म्हणाली. मग शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान तिनं काढून दिलं. "हेच जाऊ द्या. लई वर्सं ह्या बोटात बसलंय, जरा फिरून येऊ द्या."

रविवारी सकाळी ओळखीच्या बबनरावांच्या मोकळ्या रानात माणसं जमली. कूलरच्या पंख्यानं फुगा भरला. थर्मोकोलच्या डब्यात अंगुस्तान आणि उंची नोंदणारं ॲप टाकलेला जुना मोबाइल ठेवला, कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं, डब्यावर आपला नंबर लिहिला. रेकॉर्डिंग सुरू करून दिलावरनं डबा टेपनं गुंडाळला, डब्यासमोर छोटंसं भाषण ठोकलं आणि दहापासून उलटं मोजायला लागला. फुगा ऊन खाऊन तयारच होता, सातलाच हातातून निसटला. दिलावर मात्र "सहा, पाच" म्हणतच राहिला. सगळे वर बघत होते. एकटी रहिमाबी त्याच्याकडं बघत होती.

ठिपका पूर्वेला गेला, दिसेनासा झाला. दुपारी फोन आला.

"तुमचं काळं भूत माज्या मेंढरांवर पडलंय!" एक बाई ओरडली. "नांदूरघाटच्या माळावर. निम्मी पळाली. या आन् गोळा करून द्या!"

दोघं मोटारसायकलवर निघाली. भामाबाईनं नाव सांगायच्या आधी दिलावरच्या हातात काठी दिली. तास-दीड तास तो मेंढरांमागं पळाला. मेंढरांनी त्याला बरंच पळवलं, असं म्हणणं जास्त खरं. तोवर बाभळीखाली दोघी बाया भाकरी खात होत्या.

घामाघूम होऊन तो फुग्याकडं वळला. रहिमाबीचा एकही जोड सुटला नव्हता. त्याची टेप मात्र वरपासून खालपर्यंत उकललेली. ती बाजू त्यानं हळूच घडीत दडवली.

"दडवू नका," रहिमाबी म्हणाली. "आल्या आल्याच बघितलंय मी."

अंगुस्तानाला ओरखडासुद्धा नव्हता. मोबाइलमधल्या नोंदीत उंची साडेसात किलोमीटर दिसली. दिलावरनं छाती फुगवून व्हिडिओ लावला. नुसता अंधार. टेप गुंडाळताना कॅमेऱ्याच्या भोकावरही बसली होती. आवाज तेवढा आला होता: आधी त्याचं भाषण, मग वाऱ्याची घूं घूं, मग बराच वेळ काहीच नाही, मग टरकन फाटल्याचा आवाज, फडफड, धप्प, मेंढरांचा गलका आणि भामाबाईचा खणखणीत आवाज, "कुन्या मुडद्याचं काम हाय गं हे!"

भामाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बाई, ह्यात भरलं व्हय ते? भाऊ, मी तुमाला न्हाई म्हनले."

"मलाच म्हनल्या," दिलावर म्हणाला. "आन् बरोबर म्हनल्या."

रहिमाबी इतकी हसली की तिला ठसका लागला. अंगुस्तान तिनं पुन्हा बोटात चढवलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळे व्हिडिओ मागायला लागले. साडेसात किलोमीटरवर कुणाचा विश्वास बसला नाही, भाषण कुणी धड ऐकलं नाही. पण भामाबाईचं वाक्य तीनदा लावायला लावलं, आणि चौथ्यांदा दिलावरनंच लावलं.