बहात्तर तासांची मुभा

लाइल सोबोटाने एकतीस वर्षं ॲल्डर फॉल्सच्या शाळेची बस चालवली. विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्या गावातल्या निम्म्या लोकांना त्याने कधी ना कधी "गप खाली बस" म्हणून दटावलेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने आणि व्हर्नाने अठ्ठावीस फुटी मोटारहोम घेतलं. आत पलंग, शेगडी, न्हाणी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी व्हर्नाची खुर्ची. गाडी लाइलची आणि रस्ता व्हर्नाचा, अशी दोघांची वाटणी. मांडीवर नकाशांचं पुस्तक उघडं ठेवून ती वळणं सांगायची, आणि वळण चुकलं तर चूक नेहमी गाडीचीच असायची. अकरा राज्यं फिरून झाली आणि मग व्हर्नाला अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू लुळी पडली, त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. समजायचं सगळं, पण चमचा मागायला जावं तर तोंडून 'खिडकी' निघायचं. मग ती ओठ घट्ट मिटून घ्यायची ते दुसऱ्या दिवसापर्यंत. मोटारहोम दीड वर्ष गावाबाहेरच्या भाड्याच्या आवारात धूळ खात पडलं.

एप्रिलमध्ये लाइलने ते विकायचं ठरवलं आणि धुवायला म्हणून घरी आणून दारात उभं केलं. व्हर्नाने काठी उचलली आणि पायरीकडे बोट दाखवलं. तीन पायऱ्या चढायला अर्धा तास लागला. आपल्या खुर्चीत बसल्यावर तिने डाव्या हाताने नकाशांचं पुस्तक ओढलं, पान उलटलं, समोरच्या काचेकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, "डावीकडे."

समोर त्यांच्याच गॅरेजचं बंद दार होतं. लाइलने स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

त्या दिवसापासून गाडी विकायची गोष्ट निघाली नाही. दुपारी जेवण झालं की दोघं जाऊन बसायची. व्हर्ना गावांची नावं वाचायची, आज चार, उद्या सहा. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, "मिस्टर सोबोटा, माझ्या खोलीत ती दोन शब्द बोलते. तुमच्या गाडीत बोलत असेल तर गाडीतच बसवा."

पण गावाचा नियम होता. मोटारहोम असो की ट्रेलरवरची बोट, घराच्या पुढच्या बाजूला बहात्तर तासांच्या वर उभी करायची नाही. सामान भरायला-उतरवायला तेवढी मुभा. एरवी ती घराच्या बाजूला किंवा मागे, शेजाऱ्याच्या हद्दीपासून पाच फूट सोडून ठेवायची, नाहीतर आवारात न्यायची. लाइलच्या गाडीला तीन आठवडे झाले तरी कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मग एका सोमवारी काचेवर नारिंगी नोटीस चिकटली. 'लेखी तक्रारीवरून,' असं त्यात होतं.

लाइलचं डोकं भणाणलं. शेजारचा गॅरी वेंडॉर्फ हिरवळ कापत होता. सव्वीस वर्षांचा शेजार. व्हर्ना आजारी पडल्यापासून लाइल दूध-औषधं आणायला गेला की गॅरी तिच्यापाशी येऊन बसायचा.

"तू केलीस ना तक्रार?" लाइलने नोटीस त्याच्या नाकासमोर धरली. "डोळ्यांत खुपते का रे गाडी?"

गॅरीने यंत्र बंद केलं. नोटीस वाचली. मान खाली घालून टोपी सारखी केली.

"बोल की!"

"तुला जे समजायचं ते समज, लाइल," एवढं म्हणून त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. शुक्रवारी दोघं मिळून मासे खायला जायचे, तेही बंद. दुधाला जाताना लाइल आता व्हर्नाला एकटी ठेवून पळत जायचा आणि पळत यायचा.

नोटिशीवर त्याने आपल्या परीने तोड काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायची, किराणा दुकानाला वळसा घालायचा आणि परत आणून लावायची. दोनदा हे केल्यावर नगरपालिकेची जेनेल प्रुइट दारात आली. हातात मोजपट्टी, खांद्याला फायलींची पिशवी.

"मिस्टर लाइल, असं नाही चालत हो. गाडी सलग दोन दिवस बाहेर राहिली, तरच नवे बहात्तर तास मिळतात."

"जेनेल, तू माझ्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर ओकायचीस. रोज. मी एकदा तरी नोटीस दिली का?"

जेनेलचे कान लाल झाले. "नाही दिलीत. म्हणून तर मोजपट्टी घेऊन आले. मागे तर जागाच नाही, बाजूला निघते का बघू या."

मोजणी चालू असताना व्हर्ना मोटारहोममधल्या खुर्चीत, काच खाली करून बसली होती. भिंतीपासून हद्दीपर्यंत अकरा फूट भरले. साडेआठ फूट रुंद गाडी आणि पाच फुटांची मोकळीक, म्हणजे साडेतेरा हवेत. जेनेलने पुन्हा मोजलं. अकराच.

"कुंपणापलीकडे याचीच जागा आहे ना," लाइल गॅरीकडे हात करून ओरडला. गॅरी आपल्या पायरीवर बसून सगळं बघत होता. "त्याला विचार! सव्वीस वर्षं माझ्या दारचं खाल्लं, आणि बायको आजारी असताना पाठीमागून कागद लिहितो!"

"मिस्टर लाइल, तक्रार त्यांची नाही," जेनेल हळूच म्हणाली.

"मग कोणाची?"

"ते मला सांगता येत नाही."

"मी."

तिघांनीही वर पाहिलं. व्हर्नाने डावा हात खिडकीबाहेर काढला होता. "मी," ती पुन्हा म्हणाली आणि त्याच हाताने स्वतःच्या छातीवर थोपटलं.

जेनेलने पिशवीतून कागद काढून लाइलला दिला. डाव्या हाताने लिहिलेली अक्षरं, वाकडीतिकडी, काही उलटी. पत्ता त्यांचाच. खाली दोन ओळी: 'गाडी उभी आहे. नियम आहे.' व्हर्नाने वीस वर्षं नगरपालिकेत टायपिंग केलं होतं. हा नियम तिच्याच बोटांनी कागदावर आला होता.

लाइल खिडकीपाशी गेला. "अगं, पण का? तुला आवडत नाही का इथं बसायला?"

"उभी," व्हर्ना म्हणाली. शब्द शोधताना कपाळाची शीर तट्ट फुगली. "रोज... उभी. जायचं. मला जायचं, लाइल."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं." तिने तीन बोटं वर केली. तीन वेळा.

लाइलला आठवलं. ती दाराकडे बोट दाखवायची आणि तो म्हणायचा, बघू, उन्हाळा येऊ दे. इस्पितळ इथून बारा मिनिटांवर होतं. लांब कुठे सरोवराकाठच्या जंगलात पुन्हा झटका आला तर कुठे धावायचं, ही त्याची भीती होती, आणि तिच्यासमोर ते तोंडातून काढायची त्याची छाती होत नव्हती. बायकोचं ऐकलं नाही तरी सरकारी नोटिशीपुढे नवरा हलेल, हे ती ओळखून होती.

"पण हे पत्र टाकलं कुणी?"

व्हर्नाने गॅरीकडे पाहिलं. गॅरी कुंपणापाशी आला होता.

"तू दूध आणायला गेलास तेव्हा मी टाकलं," तो म्हणाला. "तिने वचन घेतलं माझ्याकडून. सांगितलं असतं तर कागद लिहायला लागलेले चार दिवस फुकट गेले असते."

"आठ दिवस मी तुला शिव्या घातल्या, गॅरी!"

"हो. पण तुझ्याशी वाकडं घेतलेलं परवडतं. हिच्याशी नाही परवडत."

व्हर्ना हसायला लागली, अर्ध्याच चेहऱ्याने, पण खदखदून. लाइलने कुंपणावरून गॅरीचा खांदा धरला. गॅरी म्हणाला, "पुरे. टायरमध्ये हवा कमी आहे तुझ्या. आणतो मी पंप."

"आज मंगळवार, दुपारचे दोन," जेनेल कागदावर लिहीत म्हणाली. "शुक्रवारी दोनपर्यंत सामान भरायची मुभा."

शुक्रवारी दीडला त्यांनी गाव सोडलं. उत्तरेला सुपिरियर सरोवराच्या काठी दोन रात्री राहिले, परत आले. मग नवे बहात्तर तास मिळाले. तो सगळा उन्हाळा तसाच गेला, तीन दिवस घरी आणि दोन दिवस वाटेवर. व्हर्नाचा उजवा हात काही सुधारला नाही, पण मोटारहोम लावायच्या तळावरच्या माणसाशी जागेच्या नंबरावरून भांडण्याइतके शब्द आले.

जुलैत मात्र लाइलला ज्याची भीती होती ते घडलं. मिशिगनच्या हद्दीत, जंगलातल्या तळावर, भर दुपारी व्हर्नाला भोवळ आली. इस्पितळ पन्नास मिनिटांवर. ती पन्नास मिनिटं लाइलने कशी चालवली ते त्यालाच ठाऊक. सहा तास तपासण्या झाल्या. तरुण डॉक्टरीण म्हणाली, "झटका नाही. ऊन लागलंय, पाणी कमी प्यायल्या आहेत. रात्रभर इथं राहा."

सकाळी लाइलने तिला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, पाण्याची बाटली हातात दिली. स्वतः स्टिअरिंगमागे बसला. किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"व्हर्ना, आपण घरी जाऊ या. मी घाबरलो गं."

पहिल्यांदाच तो हे मोठ्याने बोलला होता. व्हर्नाने डाव्या हाताने त्याचा हात धरला आणि धरून ठेवला.

"मीपण," ती म्हणाली. "आधी... नाश्ता. मग उत्तरेला."

लाइलने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. रस्त्याच्या कडेला एका खानावळीबाहेर 'गरम पॅनकेक' अशी पाटी दिसली. तिथेच त्याने गाडी वळवून लावली.