दोन जोड बाशिंगं

मानवतपासून दोन कोसांवरच्या गावात बन्सीधरची पंधरा एकर कोरडवाहू जमीन होती आणि घरात लग्नाच्या दोन मुली होत्या. एक त्याची स्वतःची, कोकिळा. दुसरी त्याच्या मेलेल्या भावाची, पंचफुला. आईबाप गेले तेव्हा पंचफुला सात वर्षांची होती. आता ती वीस वर्षांची झाली होती आणि कोकिळा अठराची. आधी लग्न कुणाचं, हा प्रश्न त्या घरात कुणी काढला नाही. पंचफुलानंही नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कोकिळाला पूर्ण्याचं स्थळ आलं. मुलगा नागनाथ, रेल्वेत खलाशी म्हणून नुकताच लागलेला. नोकरीवाला जावई म्हटल्यावर थाटात कमी पडून चालणार नव्हतं, आणि मागची दोन्ही सालं पावसानं दडी मारलेली. बन्सीधर मानवतच्या मांडववाल्याकडं जाऊन आला आणि ओसरीवर टोपी काढून बसला.

"नुसत्या कापडाचं अन् खुर्च्यांचं इतकं मागायलाय," तो म्हणाला. "बँडवाल्याला तर इचारलंच न्हाई."

पंचफुला डाळ निवडत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "मांडववाला कशाला, काका? मी करते की."

तिच्या हाताला ते वळण होतंच. गावात कुणाच्या बारशाला, कुणाच्या डोहाळजेवणाला तिला बोलावणं यायचं, आणि ती दोन तासांत साध्या घराला देखणं करून द्यायची. साखरपुड्याला तिनं तसंच केलं. पऱ्हाटीवर वाळून राहिलेली कापसाची रिकामी बोंडं पोतंभर आणली, काही चुन्यात बुडवली, काही हळदीत, काही गेरूत, आणि सुतळीत ओवून ओसरीभर माळा सोडल्या. लांबून पाहणाऱ्याला ती कुठलीशी परगावची फुलं वाटावीत. बुंदीऐवजी तिनं गव्हाची खीर करायला लावली आणि वर खसखस भुरभुरली. पाहुणे दुसऱ्यांदा मागून खाऊ लागले.

नागनाथची आई धुरपताबाई एक माळ हातात घेऊन बराच वेळ चाचपत राहिली. "कुणी केलं ह्ये?"

"आमच्या पंचीनं," पार्वतीबाईनं सांगितलं. ही पंचफुलाची चुलती, बन्सीधरची बायको.

धुरपताबाईबरोबर तिचा दीर व्यंकटी आला होता. पंचेचाळिशीचा, ठेंगणा, पूर्ण्याला पिठाची गिरणी चालवणारा. बायको मागच्या पोळ्याला वारली होती. जेवून हात धुतल्यावर तो पंचफुलाजवळ येऊन उभा राहिला. "माणसं किती जेवली अन् गहू किती लागला?"

पंचफुलानं सांगितलं. मग त्यानं गुळाचं विचारलं, सरपणाचं विचारलं. तिनं तेही सांगितलं. तिच्या कामाची इतकी बारकाईनं विचारपूस आजवर कुणी केली नव्हती. त्या दिवशी भांडी घासताना ती खुशीत होती.

लग्नाला पंधरा दिवस उरले. छापील पत्रिका नकोत म्हणून तिनं पोस्टकार्डं आणली, बटाटा कोरून त्याचा गणपती केला आणि कुंकवाच्या पाण्यात बुडवून दोनशे कार्डांवर उठवला. मजकूर शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतला. मुहूर्त दुपारचा धरायला लावला, म्हणजे गॅसबत्त्या नकोत. पळसाची पानं आणून गल्लीतल्या बायांकडून पत्रावळ्या लावून घेतल्या. बँडऐवजी हलगी सांगितली. आणि मांडवाच्या छतासाठी ती घरोघर फिरून लुगडी गोळा करू लागली. शेजारच्या बायनाबाईनं एकटीनं सहा दिली, त्यातलं एक तिच्या स्वतःच्या लग्नातलं.

"डाग पडू देऊ नको, माय," बायनाबाई म्हणाली.

"पडला तर माझ्या हातानं धुऊन देईन."

बाशिंगं ती घरीच करत होती. पुठ्ठा कापून त्यावर चहाच्या पुड्यांची चांदी चिकटवायची, वर रंगीत कागदाचे तुरे. बन्सीधर मागं येऊन उभा राहिला.

"दोन जोड कर," तो म्हणाला. "एखादं मोडलं-बिडलं तर आयत्या वक्ताला कुठं पळावं."

तिनं दोन जोड केले. दुसरा जोड पहिल्यापेक्षा बरा साधला, कारण तोवर हात बसला होता.

लग्न लागलं. बत्तीस लुगड्यांच्या छताखालून ऊन गाळून येत होतं आणि माणसांच्या अंगावर लाल, हिरवे, जांभळे पट्टे पडत होते. वऱ्हाडातली माणसं वर बघत राहिली. कोकिळा त्या उजेडात इतकी गोरी दिसली, की पार्वतीबाईनं दोनदा तिची दृष्ट काढली. पंचफुला सकाळपासून उपाशी होती. शेवटची पंगत उठली तेव्हा ती उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत होती. तेवढ्यात पार्वतीबाईनं तिला आत बोलावलं.

"ती ऱ्हाऊ दे. न्हाऊन घे. गोरज मुहूर्तावर तुझं लगीन हाय."

पंचफुलाला वाटलं, काकू थट्टा करायलीय. पण काकू कधी थट्टा करत नसे.

"कुणाशी?"

"व्यंकटरावाशी. हुंडा न्हाई, मानपान न्हाई. बामण हाय, पाव्हणे हायेत, खीर उरलीय. पुन्हा कोण तुझ्यासाठी एवढं मांडणार?"

"मला कुणी इचारलं न्हाई, काकू."

"कोकिळाला तरी कुठं इचारलं?" पार्वतीबाईनं कोनाड्यातली वाटी उचलली. वाटीत कोकिळाची उरलेली हळद होती, कडेनं वाळत आलेली. तिनं बोटानं पाणी शिंपडून ती भिजवली आणि पंचफुलाच्या गालांना, हातांना लावली. कोपरापर्यंत पुरली नाही, तशी तिनं वाटी पालथी घातली.

कोकिळा मधल्या खोलीत बसली होती. पंचफुला तिच्यासमोर जाऊन बसली. हिच्या वेण्या तिनं घातल्या होत्या, हिच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या.

"तुला ठावं होतं?"

कोकिळा बांगड्या मागंपुढं करत राहिली. "साखरपुड्याच्या दिवशीच ठरलं, आक्का."

"अन् सांगितलं न्हाईस."

"बाबा म्हणले, सांगितलं तर काम अर्धं टाकून बसंल." मग ती जरा पुढं सरकली. "तसं वाईट न्हाई गं. एकाच वाड्यात ऱ्हाऊ. मला बी तिथं कुणी आपलं पाहिजे की."

पंचफुला उठली. जायला जागा नव्हती, हे तिला ठाऊक होतं. मामा नव्हता, भाऊ नव्हता, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर वऱ्हाडाचा ट्रक उभा होता. ती मांडवात गेली, बाजेवर चढली आणि पहिल्या लुगड्याची गाठ सोडली. मग दुसऱ्याची. ज्या घरचं त्या घरच्या बाईला हाक मारून तिनं घडी हातात दिली. बाया घडी घेऊन घराकडं वळत होत्या. बायनाबाईनं मात्र तिचा हात धरला.

"गोरजाचं लगीन व्हायचंय म्हणत्यात. आताच कामून सोडायलीस?"

"तुमचं लुगडं न्या, मावशी. त्याच्याखाली माझं लगीन नको."

बायनाबाईनं आपली सहा लुगडी काखेत मारली. ती दारापर्यंत गेली, एकदा मागं वळून पाहिलं आणि घरी गेली. अर्ध्या तासात मांडवाच्या नुसत्या मेढी उरल्या. पंचफुलानं माळाही ओढून काढल्या आणि उकिरड्यावर टाकल्या.

बन्सीधर बाहेर आला. तो चिडेल, असं तिला वाटलं होतं. चिडावं, अशी तिची इच्छाही होती. त्यानं वर पाहिलं, उघडं आभाळ पाहिलं आणि व्यंकटीकडं वळला.

"बरंच झालं," तो म्हणाला. "लोकांची लुगडी येळेवर घरी गेली. मंगलाष्टकाला काय, मेढी बी पुरे हायेत."

व्यंकटी हसला. वऱ्हाडातले आणखी चौघे हसले.

दिवस मावळताना तिला उभं केलं. तिनंच केलेलं दुसऱ्या जोडातलं बाशिंग तिच्या कपाळाला बांधलं आणि त्यातलंच एक व्यंकटीच्या. अक्षता टाकायला माणसं थोडी होती. बाकीची ट्रकमध्ये जागा धरायला गेली होती. हलगीवाल्यानं दुपारच्या पैशात दुसरं लग्न वाजवायला नकार दिला, म्हणून टाळ्याच वाजवल्या.

एका ट्रकमध्ये दोन नवऱ्या गेल्या. कोकिळा पुढं ड्रायव्हरशेजारी, पंचफुला मागं कढया आणि बायकांमध्ये. ताडकळसच्या अलीकडं व्यंकटी सरकत सरकत तिच्याजवळ आला.

"माझी सारजा सोळाची हाय," तो म्हणाला. "औंदा तुळशीचं लगीन झालं की तिचं उरकायचं. तुझ्यासारखी घरात असल्यावर लोकाला कशाला पैसा घालावा?"

आता पंचफुलाला गव्हाचं विचारणं कळलं, गुळाचं कळलं, सरपणाचंही कळलं.

कार्तिकात सारजाचं ठरलं. व्यंकटीनं बाजारातून सुतळीचे गुंडे आणि रंगीत कागद आणून तिच्यापुढं टाकले.

"मला येत न्हाई," पंचफुला म्हणाली.

आधी तो हसला. मग त्यानं मारलं. मग बन्सीधरला बोलावून घेतलं. बन्सीधर तिला दोन तास समजावत होता, आणि प्रत्येक वेळी तिनं तेच तीन शब्द पुन्हा सांगितले. धुरपताबाईनं दोन दिवस तिचं जेवण बंद केलं. कोकिळा रडून गेली, हात जोडून गेली. शेवटी व्यंकटीला परभणीहून मांडववाला आणावा लागला, बँड सांगावा लागला, आणि त्यापायी गिरणीतला अर्धा वाटा भावाच्या नावावर लिहून द्यावा लागला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सारजा स्वतः आली. मुलगी गरीब स्वभावाची होती. तिनं सावत्र आईला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं, आणि मार खाल्ल्यावर पाठीला तेल लावायला तीच येत असे.

"मावशी, मांडव न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "माझ्या पाटाभोवती एक रांगोळी तेवढी काढ. माझी माय असती तर तिनं काढली असती."

पंचफुलानं तिच्याकडं पाहिलं. पोरीचा यात काही अपराध नव्हता, हे तिला दिसत होतं.

"मला येत न्हाई," ती म्हणाली.

सारजा उभी राहिली, डोळे पुसले आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिचा पाट तसाच कोऱ्या जमिनीवर मांडला. सासरी निघताना ती सगळ्यांच्या पाया पडली. पंचफुलासमोर आली, थांबली आणि तशीच पुढं गेली.