जयवंतेचा उजवा हात

या मित्रांनो, जवळ सरका. कीर्तनाला बसतात तसे मांडी घालून बसा, शेजारच्याला कोपर मारू नका. मी तुम्हाला एका हाताची गोष्ट सांगणार आहे.

मी एक जुना चांदीचा गोठ आहे. गोठ म्हणजे बाईनं मनगटात घालायचं भरीव, गोल कडं. भिसेगावच्या जवळ एका वाडीत अंबाबाईचं घर होतं. तिच्या लग्नात कर्जतच्या सोनारानं मला घडवलं. मुशीत वितळलो, थंड झालो, मग हातोडीखाली वाकलो. माझी दोन्ही टोकं सोनारानं अशी सांधली की सांधा शोधून सापडू नये. मला ना कडी, ना फिरकी. बोटं आवळून हात आत घालायचा, की मी बसलो. माझा एक जोडीदारही होता. पुढे अंबाबाईनं तो आपल्या लेकीला, इंदूबाईला दिला आणि मी उजव्या हातात एकटा उरलो.

त्या हातानं मी पुष्कळ काम केलं. जातं ओढलं, भात लावला, शेणानं सारवलं. पण खरं सांगू का, मला वेड होतं ते कीर्तनाचं. बुवांनी देवाचा गजर सुरू केला की बाया टाळ्या धरायच्या, आणि मी काचेच्या बांगड्यांवर आपटून असा वाजायचो की वाटायचं, देवानं मला एवढ्यासाठीच चांदी केलं.

अंबाबाईची सात बाळंतपणं मी पाहिली. ती सारी धोंडूबाई सुईणीनं केली. धोंडूबाई अंगानं किरकोळ, जिभेनं तिखट. पहिल्या खेपेला अंबाबाई पोरगेली होती, अंगातल्या प्रत्येक बदलाला घाबरायची. धोंडूबाई तिच्या पाठीला तेल चोळता चोळता सांगायची, "अगं, अन्न उलटतं ते तीन म्हयने. मंग भूक लागंल. छातीत जळजळतं ते पोट वर सरकतं म्हणून, थोडं थोडं खा. घडोघडी लघवीला जावं लागंल, लाजू नको, दाबून धरू नको. उठताना आधी कुशीवर वळ, मंग उठ, म्हंजे घेरी येनार नाय. सांजेला पाय सुजतील, ते उशीवर ठेव, सकाळी उतरतात. ह्ये समदं देवानंच नेमलेलं हाय." मग तिचा हात थांबायचा. "पन येक ध्यानात ठेव, अंबे. सकाळी उठल्यावर हात सुजलेले दिसले, तोंड सुजलेलं दिसलं, वर डोकं ठणकाय लागलं, तर मला हाक मार. तवा पाऊस बघायचा नाय, रात बघायची नाय."

अंबाबाईच्या हाताला ती सूज कधी आली नाही. म्हणून ती ते बोलणं विसरली. मी विसरलो नाही. पण मित्रांनो, मी पडलो धातू. माझ्या आठवणीचा कुणाला काय उपयोग?

बोरघाटातून आगगाडी सुरू होऊन वीसेक वर्षं झाली असतील, तेव्हा अंबाबाईचा मुलगा भिवाजी याचं लग्न झालं. खालापूरकडची जयवंता सून म्हणून घरात आली. हडकुळी, हसरी, कीर्तनाची माझ्याइतकीच वेडी. अंबाबाईनं मला साबण लावून आपल्या मनगटातून ओढून काढलं आणि सगळ्यांदेखत सुनेच्या हातात घातलं. म्हणाली, "लगीन झाल्यापासनं ह्यो माज्या हातातनं निघाला नव्हता. सात लेकरं बघितली ह्यानं. जप हां, सूनबाई." जयवंतेनं वाकून नमस्कार केला. तेवढा एक शब्द तिनं मनात कोरून ठेवला. जप.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. तीन महिने तिला अन्नाचा वास सोसला नाही. मग चुलीतली भाजकी माती खावीशी वाटू लागली. भिवाजी चिडवायचा, "अगं, चूल तरी ठेव, भाकरी कुटं भाजायची?" पाचव्या महिन्यात एके दुपारी ती धान्य निवडत होती आणि हात सहज पोटावर टेकला. आतून टकटक झाली. मनगटाला लागून ती मलाही कळली. जयवंता दचकली, मग एकटीच हसत बसली. मित्रांनो, एवढ्या वर्षांत तेवढा मऊ ठोका माझ्यावर कुणी मारला नाही.

आठवा महिना लागला. जात्यावर बसली की मी तिच्या कोपरापर्यंत घसरायचो आणि परत मनगटावर यायचो, हा आमचा रोजचा खेळ. एका सकाळी मी घसरलो नाही. दुसऱ्या सकाळी हललोही नाही. चौथ्या सकाळी माझ्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं. मला आठवलं. सकाळ आहे, हात सुजलाय. धोंडूबाईला हाक मारा! मी ओरडत होतो, पण टाळीखेरीज मला आवाज कुठला?

जयवंतेनं तेल लावून पाहिलं, रिठ्याचा फेस लावून पाहिला. मी निघालो नाही. नदीवर कुणी नाही असं पाहून ती मला हळूच म्हणाली, "रुतू नको रं बाबा. आत्याबाईंनी आपल्या हातातला काडून दिला. आता तो कापा म्हनून कोन्या तोंडानं सांगू? थोडं दिस कळ काड. बाळ झालं का हात उतरंल."

आणि तिनं हात पदराखाली घेतला.

मला वाचवण्यासाठी तिनं आपला हात लपवला, मित्रांनो. मी तिच्या मनगटात रुतत होतो, आणि ती माझी काळजी करत होती.

अंबाबाईला सुनेचं तोंड दिसत होतं. पण तिला ते सुजलेलं दिसलं नाही, भरलेलं दिसलं. शेजारणीला ती कौतुकानं सांगायची, "बगा, आली तवा फासळ्या मोजाव्या अशी होती. आता कशी गरगरीत झालीय! माज्या घरचा तांदूळ हाय तो." एका संध्याकाळी धोंडूबाई पोट बघायला आली. पाय पाहून म्हणाली, "सांजेची सूज हाय, चालायचंच." मग विचारलं, "डोकं दुकतंय का गं?" जयवंतेनं तोंड उघडण्याआधी अंबाबाईच बोलली, "तिला काय धाड भरलीय? दोन भाकऱ्या जादा खाते." जयवंतेनं पदर आणखी पुढे ओढला. तिचं कपाळ तीन दिवस ठणकत होतं. हात पदराखाली होता, आणि पदराखाली मी होतो. धोंडूबाई माझ्यापासून वीतभर अंतरावरून उठून गेली.

माघात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. दुपारच्या कीर्तनाला जयवंता हट्टानं गेली. आख्यान रंगलं, बुवांनी गजर धरला, सगळं देऊळ टाळ्यांनी भरलं. एकटी जयवंता हात पदरात घेऊन बसली. शेजारी धोंडूबाई होती. ती म्हणाली, "का गं, देवापुडं सुदा हात राकून ठेवतीस? जड झालं का काय?" आणि थट्टेत तिचा हात ओढून बाहेर काढला.

धोंडूबाईचं हसू तिथंच विरलं. तिनं अंगठ्यानं मनगट दाबलं. खड्डा पडला, तो भरेना.

"डोळ्यांपुडं काय दिसतंय?"

"काजवं," जयवंता म्हणाली. "दिसाढवळ्या."

"कवापासनं?"

"आठ दिस झालं. मावशी, आत्याबाईंना सांगू नका, गोठ कापतील."

घरी आणल्यावर धोंडूबाई अंबाबाईवर तुटून पडली. "तुला मी सांगितलं व्हतं! तुज्याच पाठीला तेल लावता लावता सांगितलं व्हतं!" अंबाबाईला ते आठवलं. तिनं सुनेचा हात हातात घेतला. "जप म्हनले मी," ती म्हणाली, "पन गोठ जप म्हनले गं. हात जप म्हनायचं राहिलं."

पोपट सोनार आला. त्यानं चामड्याची पट्टी माझ्याखाली सारली आणि कानस धरली. जयवंता रडत होती, हात दुखतो म्हणून नव्हे. अंबाबाईच म्हणाली, "काप रं पोपटा, लवकर काप." कानस फिरली. मला वाटलं, आता सुटली ती.

मला कोनाड्यात ठेवलं, आणि तेव्हापासून मला काहीच कळेनासं झालं. इतके दिवस तिची नाडी माझ्याशी बोलत होती. आता नुसते आवाज येत होते. धोंडूबाई सांगत होती, खोलीत अंधार करा, कुणी भांडं वाजवू नका, तिला डाव्या कुशीवर निजवा. भिवाजी धावत स्टेशनाकडे गेला आणि तिथून रेल्वेच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी पाहिलं आणि धोंडूबाईला म्हणाले, "बाई, तुम्ही केलंत तेच बरोबर. याहून वेगळं औषध माझ्या पेटीत नाही." मग बाजेच्या दोऱ्या करकरल्या. एकदा, पुन्हा एकदा. तो आकडीचा झटका होता, हे मला नंतर समजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बारीकसं रडणं ऐकू आलं. मी जयवंतेच्या हसण्याची वाट पाहिली. ते आलं नाही.

मुलगी जगली. तिचं नाव आवडी. शेजारच्या बुधीनं आपल्या लेकराबरोबर तिलाही पाजलं.

आधी कळलं असतं तर जयवंता वाचली असती का? अंबाबाईनं हे धोंडूबाईला कितीदा तरी विचारलं. धोंडूबाई एकच सांगायची, "ते देवाला ठावं. पन आठ दिस तिला इसावा मिळाला असता, एवडं मला ठावं हाय." त्यानंतर अंबाबाई वाडीत पोटुशी बाई असेल त्या घरी सकाळीच जायची. दारातूनच म्हणायची, "हात दाव गं." अंगठ्यानं मनगट दाबायची, बांगडी फिरते का बघायची, आणि घट्ट वाटली तर स्वतः काढायला लावायची. कुणी अपशकुन म्हणालं तर म्हणायची, "तो माज्या माथी घाल."

मित्रांनो, तुमच्या घरी आई असेल, वहिनी असेल, बाळाची वाट पाहत असेल. तिला उलटी झाली, संध्याकाळी पाय जड झाले, तर घाबरू नका. तिला पाणी द्या, पायांखाली उशी द्या. पण सकाळी तिचे हात सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे आले, तर तिला गप्प बसू देऊ नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. दागिना कापता येतो, पुन्हा सांधता येतो.

आणि हात जोडून एक मागणं. कधी देवळात बसाल, देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्यामागून जयवंतेचं नाव घ्या. तिनं माझ्यावर माया केली. ती माया मला नको होती, हे मला तिला सांगता आलं नाही. तुम्ही तरी तिची आठवण ठेवा.