तोंड उघडायचं नाही

त्या दिवशी ओली लाकडं काही केल्या पेटेनात आणि माझं डोकं मात्र पेटलं होतं. शाळेची खिचडी मी शिजवते. बाहेर धुकं पार नागलीच्या वावरापर्यंत उतरलेलं, भिंतींना ओल आलेली, आणि आत माजिदाबाई पोरांना बजावत होत्या, "आज साहेब येतील. काहीही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही. कुणीच नाही."

बाई नामपूरच्या. सुरगाण्याच्या डोंगरात आमच्या पाड्यावर एकट्याच शिक्षिका. जीप मिळाली तर शनिवारी घरी जायच्या, नाही मिळाली तर माझ्या ओट्यावर उगाच तांदूळ निवडत बसायच्या. त्यांची आयशा चार वर्षांची, नामपुरात सासूजवळ. पोर आता दादीलाच अम्मी म्हणायला लागली होती, आणि बाईंना 'शाळेतली'. हे सांगताना बाई हसल्या होत्या. मला ते हसणं बघवलं नाही.

बदली मागायला तालुक्याला गेल्या की शिक्षणखात्याचे साहेब म्हणायचे, तुमच्याआधी तिथं कुणी टिकलं नाही, तुमची शाळा चांगली चालते असं ऐकतो, मग तुम्हाला कशाला हलवू? म्हणजे बाई जितका जीव ओतून शिकवणार तितकं कुलूप घट्ट होणार. कमी शिकवायचं त्यांनी करून बघितलं. सकाळी ठरवायच्या आणि दुपारपर्यंत विसरायच्या. एखाद्या पोराला गणित उमगलं की बाईंचा चेहरा असा उजळायचा, की मी खिचडी ढवळायची थांबून बघत राहायची. मग आता उरला हा एकच उपाय. पोरं मुकी राहिली, शाळा वाईट दिसली, तर बाई सुटतील.

साहेब आले. हजेरी घेतली, तर एकही पोर 'हजर' म्हणेना. बाईंचा शब्द आमची पोरं असा पाळतात. साहेबांनी खिशातून गोळ्या काढून वाटल्या, त्याही सगळ्यांनी मुठीत दाबून धरल्या. माझी नात चिमणा, जिची टकळी झोपेतही चालते, ती गाल फुगवून लालबुंद झाली होती.

साहेबांनी पाढे विचारले, नद्या विचारल्या, शेवटी नाव तरी सांगा म्हणाले. ओठ मिटलेलेच. मग त्यांनी आवाज मऊ केला. "बाई, तुमची काही चूक नाही. ही पोरं म्हणजे दगड. शिकायची बुद्धीच नाही यांना. तुम्ही इथं फुकट जाताय. या महिन्यातच तुमची बदली करून टाकतो."

बाईंनी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण थोबाडीत बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. पोरं त्यांच्याकडेच बघत होती. साहेब जीपकडे निघाले. बाई गेल्या तर चिमणाची शाळा सुटणार हे मला कळत होतं, तरी मी मनात म्हणत होते, जाऊ द्या बाई, गप्प राहा, तुमची लेक तिकडं वाढतेय.

"साहेब, थांबा," बाई म्हणाल्या. "चिमणा, बोल."

"काय बोलू?"

"तुला येतं ते सगळं."

चिमणानं पाढे म्हटले, मग उलटे म्हटले. बाकीच्यांना राहवेना. नद्या, तालुके, अपूर्णांक, कविता, सगळं एकदमच सुरू झालं. एकानं साहेबांच्या जीपच्या नंबराची बेरीजसुद्धा करून दाखवली. बाई मधोमध उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी आणि चेहरा फुललेला. इतकी सुखी बाई मी फार थोड्या वेळा बघितली आहे.

साहेब आधी ओशाळले, मग खूश झाले. हात जोडून म्हणाले, "माफ करा, बाई. आता तर तुम्हाला सोडायचा प्रश्नच नाही. मी इथं आहे तोवर ही शाळा तुमचीच."

जीप उतारावरून दिसेनाशी झाली. बाई पायरीवर बसल्या त्या उठेचनात. चिमणाला वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलं. जवळ जाऊन हळूच म्हणाली, "बाई, माझा पाढा चुकला का?"

बाईंनी तिला कुशीत ओढलं.

"एकही चुकला नाही गं," त्या म्हणाल्या. "तेच तर झालं."